वावर बदलायचं की नाही

दारव्हा तालुक्यातल्या एका पोरीचं पत्र आलंय. मोठं आहे म्हणून कामापुरतं देते, कंसातलं माझं.

"मॅडम नमस्कार, मी अमरावतीहून बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी केलं. डेझर्टेशन (एमएस्सीचा प्रबंध) सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंटमधल्या इम्युनिटीच्या जीन्सवर (जनुकांवर) होतं, वर्षभर पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या पुष्कळ प्रती काढणं) आणि जेल (जेलीसारखा थर, त्यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) एवढंच केलं म्हणा ना. यावर्षी सीएसआयआर नेट (संशोधनासाठीची देशपातळीवरची परीक्षा) निघाली, जेआरएफ (पीएचडीची शिष्यवृत्ती) सकट. सर म्हणतात याच विषयात पीएचडी कर, पाया तयार आहे. पण माझी आजी दोन वर्षांपासून विसरायला लागली. परवा मी पोळ्या करत होते तर मला म्हणाली, तू कोणाची वं? तेव्हापासून मला वाटते की आपण मेंदूवर, आठवणीवर काम करावं. काका म्हणतात हे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. बाबा म्हणतात, तुले जे कराचं ते कर पोरी, पण मधात सोडू नोको. इम्युनिटीवाल्या पोरीला मेंदूवाले घेतात तरी का?"

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि ती पोळ्यांची गोष्ट वाचून थोडा वेळ तशीच बसले. तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत, एक विषयाचा आणि एक आजीचा, आणि तू दोन्ही एकात गुंतवलेत. आजीचं मी शेवटी घेते, पण काम म्हणून ते पहिलं आहे, याच आठवड्यातलं, हे आत्ताच सांगून ठेवते. पीएचडी दोन-चार महिने थांबू शकते.

आता विषयाचं. मेंदूवाले घेतात. एका माणसाची गोष्ट तुला सांगते, तुझ्या दोन्ही विषयांत ज्याने आयुष्य घातलं, आणि ती मी नीट सांगणार आहे कारण ती तुझ्या जेलपर्यंत येते.

सुसुमु तोनेगावा. जपानमधला, 1939 चा जन्म. वडील कापडाच्या कंपनीत इंजिनिअर, कंपनीच्या गिरण्या लहान-लहान गावांत, दर काही वर्षांनी बदली, म्हणून ही भावंडं गावाकडंच वाढली. मग शिक्षणासाठी टोकियोला काकांकडे. क्योटो विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाला, दुसऱ्यांदा दिली तेव्हा 1959 ला केमिस्ट्रीला नंबर लागला. हे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे एक वर्ष गेलं की लोक असं बोलतात जसं काही घरात सुतक पडलं. केमिस्ट्री करता करता त्याला मॉलिक्युलर बायोलॉजीची ओढ लागली, ते शिकायला अमेरिकेत गेला, 1968 ला सॅन दिएगोहून पीएचडी केली, व्हायरसच्या जीन्सवर. मग तिथंच जवळ रेनाटो डुलबेको यांच्या लॅबमधे लागला. आणि 1970 संपता संपता व्हिसा संपत आला, देश सोडणं भाग होतं. डुलबेकोंनी सुचवलं की स्वित्झर्लंडमधे बासेलला इम्युनॉलॉजीची नवी संस्था निघतेय, तिथं बघ. या माणसाला इम्युनॉलॉजी येत नव्हती. तरी गेला, 1971 ला, आणि सगळे इम्युनॉलॉजीवाले बसलेत त्यात हा एकटा डीएनए कापणारा.

तिथं जो प्रश्न अडकून पडला होता तो तुला माहीत आहे, तरी वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. आपल्या शरीरात प्रोटीन बनवणारे जीन्स साधारण 20,000. आणि अँटीबॉडी, म्हणजे जंतूला ओळखून चिकटणारी प्रोटीन, मात्र कोट्यवधी प्रकारच्या बनू शकतात, ज्या जंतूचं नाव शरीराने कधी ऐकलं नाही त्याच्यासाठीसुद्धा. एका प्रोटीनला एक जीन म्हटलं तर हिशोबच बसत नाही. काहींचं म्हणणं सगळे जीन्स जन्मापासूनच असतात, काहींचं म्हणणं थोडेसेच असतात आणि ते पेशींमधे बदलत जातात. वर्षानुवर्षं वाद, आणि वाद मिटवायला हातात हत्यार नाही.

तोनेगावाकडे हत्यार होतं. नोबुमिची होझुमी या सहकाऱ्याबरोबर त्याने काय केलं, उंदराच्या गर्भातला डीएनए घेतला आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या ट्यूमरमधला डीएनए घेतला, दोन्ही डीएनए कापणाऱ्या एकाच एन्झाइमने कापले, मोठ्या अगारोज जेलवर पळवले, आणि जेलच्या चकत्या कापून प्रत्येक चकतीतला डीएनए वेगळा काढून त्यात अँटीबॉडीच्या जीनचे तुकडे कुठं आहेत ते शोधलं. चकती चकती करून! गर्भामधे ते तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी निघाले. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीत एकाच ठिकाणी, जोडलेले. म्हणजे तोपर्यंत दगडावरची रेघ समजला गेलेला डीएनए, तो ही पेशी मोठी होताना स्वतःच कापते आणि जोडते. 1976 ला हे छापून आलं आणि वाद संपला.

पुढं त्यातले बारीक तुकडेही सापडत गेले. मी शिकवायची तेव्हा पोरींना पोत ओवायचं उदाहरण द्यायची. तीन डब्या आहेत, एकीत 40 मणी, दुसरीत 23, तिसरीत 6. प्रत्येकीतून एक उचलायचा आणि ओवायचा. 40 गुणिले 23 गुणिले 6, झाले 5,520 प्रकार, आणि मणी मात्र 69 च. अँटीबॉडी मोठ्या आणि लहान साखळ्यांची बनते, आणि मणी म्हणजे तिच्या जीनचे तुकडे. माणसात मोठ्या साखळीचं गणित साधारण असंच आहे, मग लहान साखळीचे प्रकार वेगळे, त्यांचा गुणाकार वेगळा, आणि जोडाच्या जागी डीएनएची अक्षरं कमी-जास्त होतात ते आणखी वेगळं. हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बेंचवरच्या पोरीसुद्धा मान वर करून बघायच्या. 1987 चं नोबेल त्याला मिळालं, एकट्याला, कोणाशी वाटून नाही.

आणि आता ऐक. नोबेल मिळालं तेव्हा वय 48. माणूस तिथंच बसून आयुष्यभर सत्कार घेऊ शकला असता. पण अमेरिकेत एमआयटी या संस्थेत त्याच्या लॅबमधे अल्सिनो सिल्व्हा नावाचा एक तरुण पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर काम करणारा संशोधक, होता, त्याच्या डोक्यात असं की जीन काढून टाकलेले उंदीर इम्युनिटीसाठी बनवता येतात तर आठवणीसाठी का नाही. 1992 ला दोन्ही गोष्टी त्याच एका लॅबमधून निघाल्या हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकीकडे रॅग-1 नावाचा जीन काढलेले उंदीर, ज्यांच्यात तयार बी आणि टी पेशी, म्हणजे इम्युनिटीच्या मुख्य पेशीच नाहीत. दुसरीकडे मेंदूतल्या कॅम-कायनेज-2 या एन्झाइमचा जीन काढलेले उंदीर. हे दुसरे उंदीर दुधाळ पाण्याच्या टाकीत सोडले की पाण्याखाली लपवलेला ओटा कुठं आहे ते नीट शिकू शकत नव्हते, चांगला उंदीर दोन-चार दिवसांत शिकतो. हत्यार तेच गं, जीन काढायचा आणि काय बिघडतं ते बघायचं. प्रश्न तेवढा नवा.

तुझ्या काकांना हे सांग. तुमच्याकडे आधी कपाशी असेल, मग सोयाबीन आलं, मधे तूर, कधी हरभरा. पिकाची फेरपालट केली म्हणून कोणी बाबांना चिंध्या म्हणत नाही. वखर तोच, डवरं तेच, पाऊस कधी दगा देतो ती जाण तीच. पण ज्याने पीकही बदललं, हत्यारंही विकली आणि नवीन शिकायच्या आधीच पेरायला निघाला त्याचं नुकसान होतं, आणि काका ज्याला भितात ते हे आहे, त्यांची भीती खोटी नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला, तुझं हत्यार कोणतं ते एका कागदावर लिही. इम्युनिटी हा तुझा विषय झाला. हत्यार म्हणजे डीएनए काढणं, पीसीआर लावणं, प्रायमर बनवणं, जेल वाचणं, पेशंटचा सॅम्पल नीट जपणं, आणि सिकलसेलच्या घरांत जाऊन लोकांशी बोलणं, हो, तेसुद्धा, ते मोठ्या शहरातल्या पोरांना येत नाही. हे सगळं मेंदूच्या लॅबला लागतं. इंटरव्ह्यूत 'मला मेंदू आवडतो' म्हणशील तर शंभर जण तेच म्हणतात. 'मी एवढे सॅम्पल केले, इथं माझं चुकलं, असं दुरुस्त केलं' म्हण, ते ऐकतात.

दुसरं, बाबा बरोबर बोलले. डेझर्टेशनचं काम आधी छापण्याजोगं करून दे. सरांवर रागावून निघू नको, त्यांनी पाया तयार आहे म्हटलं ते चांगल्या मनानेच म्हटलं असणार. त्यांच्याकडे जा, सांग की डेटा मी पूर्ण करून देते, पेपर लिहू, आणि मला शिफारशीचं पत्र द्या. तोनेगावानेसुद्धा एका रात्रीत दुकान बंद केलं नाही, काही वर्षं दोन्ही कामं शेजारी शेजारी चालली. मी स्वतः एकदा विषय बदलायला निघाले होते, झूलॉजीत एमएस्सी झाल्यावर, आणि आधीचं काम अर्धवट टाकून निघाले. नव्या ठिकाणी विचारलं आधी काय केलं तर दाखवायला कागद नव्हता. मग तेही राहिलं आणि हेही. पुढं शिकवण्यात मन रमलं, त्याचं दुःख करत नाही, पण ते अर्धं रजिस्टर अजून माझ्या कपाटात आहे आणि साफसफाईला निघालं की हातात घेऊन उभी राहते.

तिसरं, एक वाक्य इंटरव्ह्यूत बोलू नको. "इम्युनिटीलाही मेमरी असते, मेंदूलाही असते, म्हणून मी." शब्द एकच आहे पण कारभार वेगळा. लस घेतली की त्या जंतूला ओळखणाऱ्या पेशी मागं उरतात, ती एक आठवण. मेंदूत पेशींच्या एका गटाचे आपसातले जोड घट्ट होतात, ती दुसरी. या दोन्हींना एकच समजून बोललीस तर समोरचा माणूस तिथंच वही मिटवेल.

खरा पूल दुसरीकडे आहे आणि तो तुझ्यासाठीच आहे असं मला वाटते. मेंदूत स्वतःच्या इम्युन पेशी असतात, मायक्रोग्लिया. त्या कचरा उचलतात, आणि मेंदू घडताना नको असलेले जोड छाटतात, त्यात कॉम्प्लिमेंटचे, म्हणजे जंतूवर खूण करणारे, प्रोटीन लागतात, जे तू इम्युनॉलॉजीत पाठ केलेत तेच. आणि 2013 ला असं समोर आलं की ट्रेम-2 या जीनमधला एक बदल असला तर अल्झायमरचा धोका वाढतो, आणि हा जीन मेंदूत मायक्रोग्लियामधेच काम करतो. इम्युनिटीचा जीन आणि विसरण्याचा आजार! म्हणजे तुला वावर सोडायचीच गरज नाही कदाचित, बांध ओलांडला की पुरे. मनेसरच्या एनबीआरसी या मेंदू संशोधन केंद्रात मायक्रोग्लियावर काम झालेलं आहे, जपानी मेंदूज्वराच्या संदर्भात. बंगळुरूला आयआयएससी, निम्हान्स, एनसीबीएस या संशोधन संस्था आहेत, पुण्याला आयसर आहे, आणि इम्युनिटीतच राहायचं ठरलं तर पुण्याचं एनसीसीएस आणि दिल्लीचं एनआयआय. तुझी नेट लाइफ सायन्सेसची आहे, ती दोन्हीकडे चालते, त्यासाठी वेगळी परीक्षा नाही. टीआयएफआर-एनसीबीएसची मात्र स्वतःची प्रवेश परीक्षा असते. पैशाची काळजी बाबांना असेल तर सांग, जेआरएफचे महिना 37,000 मिळतात आणि पुढं सिनिअर झाली की 42,000, घरून पैसे मागायचं काम पडणार नाही.

कच्चं काय आहे तेही सांगते. न्यूरोफिजिऑलॉजी तुझी एमएस्सीत एका युनिटपुरती झाली असणार. नसेतून करंट कसा जातो, सिनॅप्स (मेंदूच्या दोन पेशींमधला जोड), हिप्पोकॅम्पस (मेंदूतला नव्या आठवणी बनवणारा भाग), हे दोन-तीन महिने रोज बसून पक्कं कर. आणि स्टॅटिस्टिक्स. उंदरांच्या वागण्यावरचे प्रयोग म्हणजे अर्धं स्टॅटिस्टिक्सच.

आता तो माणूस पुढं कुठं पोचला ते सांगते, कारण तिथून आजीकडे यायचं आहे. 2012 ला त्याच्या लॅबने, शू लिऊ आणि स्टीव्ह रामिरेझ ही त्यातली तरुण मंडळी, एका डब्यात उंदराला हलका शॉक दिला आणि त्यावेळी हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी जाग्या झाल्या त्याच पेशींमधे प्रकाशाने चालू होणारं एक प्रोटीन बसेल अशी व्यवस्था केली. ते प्रोटीन हिरव्या शेवाळातलं, आपल्या तळ्यावर साय धरते तशा जातीतलं. मग उंदीर वेगळ्याच डब्यात ठेवला, जिथं त्याला काही झालं नव्हतं, आणि निळा प्रकाश टाकला. उंदीर जागीच थिजला. भीती आठवली त्याला, बाहेरून काही कारण नसताना. आठवण मेंदूत पेशींच्या एका गटात बसलेली असते हे बोट ठेवून दाखवलं.

आणि 2016 ला, अल्झायमरसारखा आजार घातलेले उंदीर, सुरुवातीच्या अवस्थेतले. त्यांना दुसऱ्या दिवशी तो डबा आठवत नव्हता. पण प्रकाशाने त्या पेशी चेतवल्या की आठवत होतं. म्हणजे निदान सुरुवातीला आठवण पुसलेली नसते, ती आतमधे असते, तिच्यापर्यंत पोचता येत नाही.

हे वाचून तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. म्हणून स्पष्ट सांगते. हे उंदरात झालंय, जीन बदललेल्या, डोक्यात प्रकाशाची तार घातलेल्या उंदरात. तू आज पीएचडीला लागली तरी तुझ्या कामाने तुझी आजी बरी होणार नाही. पाच-सहा वर्षं लागतात, आणि ती संपतात तेव्हा हातात एक छोटीशी गोष्ट असते, कुठल्यातरी एका प्रोटीनबद्दल. आजीसाठी म्हणून या विषयात जाऊ नको. आजीमुळे प्रश्न पडला, आता तो प्रश्न डोक्यातून जातच नाही, असं असेल तर जा. हा फरक तुझा तुलाच कळेल, आणि तो कसा ओळखायचा तर आजीचा विचार बाजूला ठेवून महिनाभर मायक्रोग्लियावरचे पेपर वाच, रात्री जेवण झाल्यावरही वाचावेसे वाटले तर समज.

आता आजी. तू पत्रात कुठंच लिहिलं नाही की डॉक्टरला दाखवलं. आपल्याकडे म्हातारपणी असं होतेच म्हणून सोडून देतात. पण विसरणं सगळंच अल्झायमरचं नसतं. बी-12 कमी असलं, आपल्या माळकरी घरांत ते पुष्कळदा असते, तरी माणूस विसरतो. थायरॉइडने होते. कान गेले असले तर प्रश्नच ऐकू येत नाही आणि आपल्याला वाटते विसरली. मनात उदासी बसली असेल, झोपेची गोळी चालू असेल, लघवीचं इन्फेक्शन झालं असेल तर म्हातारं माणूस दोन दिवसात भलतंच बोलायला लागते. यातलं बरंच औषधाने सुधरते. यवतमाळच्या सरकारी मेडिकलला ने, किंवा सेवाग्रामला, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत सोबत घे. रक्तात बी-12 आणि थायरॉइड बघा म्हणून तूच बोल, तू शिकलेली आहेस, लाजू नको. कधीपासून, काय काय विसरते, ते तारखेवार लिहून ने.

आणि तिला ओळख दाखवायची परीक्षा घेऊ नका. "सांग मी कोण, सांग न" असं पाव्हणे करतात, त्याने म्हातारं माणूस कानकोंडं होते. तू जाशील तेव्हा स्वतःच सांग, आजी मी अमक्याची मोठी, आणि हात धरून बस.

तिच्या पुढ्यात सुपात तूर टाकून बघ. का ते सांगते. 1953 ला अमेरिकेत एका माणसाच्या मेंदूचं ऑपरेशन झालं, हिप्पोकॅम्पस बराचसा काढला, त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना, रोज भेटणारी डॉक्टर रोज नवीन. पण आरशात बघून चांदणीची रेघ ओढायची कसरत त्याला दिली तर दिवसेंदिवस त्याचा हात सुधारत गेला, आणि त्याला आठवतही नव्हतं की आपण हे आधी केलंय. हाताची आठवण मेंदूत वेगळ्या जागी राहते. माझ्या सासूबाईंना शेवटी माझं नाव येत नव्हतं, पण सूप हातात दिलं की पाखडण्याचा तो ठेका, अंगठ्याने खडा बाजूला सारणं, एकही दाणा खाली नाही. त्या वेळी त्यांचा चेहरा जुना दिसायचा.

जात्यावरच्या ओव्या येत असतील आजीला तर मोबाईलवर रेकॉर्ड करून घे, त्यात कोणाचं नाव घेतलं, ते कोण, कोणत्या गावचं, तेही विचारून घे. दुपारी विचार, जेवण झाल्यावर, उजेड असताना. दिवे लागायच्या वेळेला नको, त्या वेळी या माणसांचा गोंधळ जास्त होतो.